रेडमन्सीचा पुरावा

यॉर्कच्या वाचनालयात हेस्टर लँगलीनं गुरुवारचा पेपर उलगडला आणि ती जागच्या जागी थिजली. छोट्या जाहिरातींत, हरवलेली छत्री आणि विकाऊ पियानो यांच्या मधोमध, तो शब्द छापलेला होता — रेडमन्सी!

शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्यांवर येणारे पुरावे मूळ छापील कागदाशी ताडून पाहणं हे तिचं काम. रेडमन्सी म्हणजे आपल्याला जीव लावणाऱ्याला उलट जीव लावणं. जुन्या शब्दसंग्रहांत अर्थ होता, पण तो कुणी वापरल्याचा दाखला हाती नव्हता. आणि वापर नाही तर शब्द बाद, हा कचेरीचा नियम. सोमवारी तो कटणार म्हणून हेस्टर आठवडाभर हळहळत होती. काल अचानक टेबलावर चिठ्ठी आली... फक्त शब्द, पेपरची तारीख आणि पान.

तिनं पुन्हा वाचलं. 'समोरच्या टेबलावर बसून, केसांत खोचलेली पेन्सिल दिवसभर शोधणाऱ्या मुलीकडून रेडमन्सीची आस आहे. — जी. टी.'

तिचा हात आपसूक केसांकडे गेला. पेन्सिल तिथंच होती.

"मिस लँगली? तुम्ही... पोचलात पण?"

कचेरीतल्या समोरच्या टेबलावरचा गिल्बर्ट थॉर्प! कानांपर्यंत लाल.

"मिस्टर थॉर्प, हे तुम्ही छापून आणलंत?"

"हळू बोला ना! ऐनवेळी धीर सुटला... पेपर लपवायला आलो होतो."

"कोशासाठी बनावट पुरावा? अहो, नोकरी जाईल तुमची!"

"बनावट कसा? शब्द वापरलाय, छापलाय. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे."

हेस्टर मटकन खुर्चीत बसली. चार वर्षांत हा माणूस तिच्याशी "डिंक देता का?" याखेरीज एक शब्द बोलला नव्हता! तिला धक्का बसला होता, संताप आला होता, आणि — कमाल म्हणजे — आनंदानं रडूही येत होतं.

पण कचेरीतल्याच माणसानं रचलेला पुरावा ती मान्य करणार कशी? आणि साहेबांना सांगितलं, तर हा सोमवारी रस्त्यावर.

"चिठ्ठी मागे घ्या," ती म्हणाली.

"शब्द जाईल मग..."

"जाऊ दे."

त्याचा चेहरा पार उतरला. हा नकारच, असं समजून तो टोपी विसरूनच निघून गेला.

सोमवारी शब्द कटला. तीन दिवस गिल्बर्टनं मान वर केली नाही. गुरुवारी चहाबरोबर त्यानं सवयीनं पेपर उघडला. हेस्टर चिठ्ठ्यांआडून पाहत राहिली.

'जी. टी. यांस — पेन्सिल सापडली. रेडमन्सी मंजूर.'

कप बशीवर आदळला. सगळी कचेरी वळून पाहू लागली. गिल्बर्ट उठला आणि तिच्या टेबलापाशी आला.

"डिंक... देतेस?"

"कशाला?"

"कात्रण चिकटवायचंय. कोशात नाही... माझ्या वहीत."

हेस्टरनं डिंकाची बाटली पुढे सरकवली, आणि हात मात्र मागे घेतला नाही.