खोतन महल्ल्यातली खुंटी

"खोतन महल्ला? तिथं खोतनी माणूस औषधालासुद्धा मिळायचा नाही, वहिनी," टॅक्सीवाला आरसा पुसत म्हणाला. "नाव तेवढं उरलंय."

मर्गिलान शहरात तुतीची पानं नुकती तळहाताएवढी झाली होती. सनोबर आणि एल्योरनं गल्लीच्या टोकाचं घर भाड्यानं घेतलं. गल्लीच्या तोंडाशी पालिकेनं निळी पाटी ठोकली होती, 'मैत्री'. पण त्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. दूधवाला, पाववाला, पोस्टमन, सगळ्यांच्या तोंडी खोतनच.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुंटीला एक नान टांगलेली होती. धुरानं काळवंडलेली, कडेला एक चावा. सनोबर शाळेत गणित शिकवायची. जुनी घाण घरात ठेवणाऱ्यातली नव्हे. तिनं नान उतरवायला हात वर केला, तोच समोरच्या ओयशा खोला दारातून म्हणाल्या, "राहू दे गं. परक्याची आहे."

खोला म्हणजे मावशी. अख्ख्या गल्लीच्याच त्या. बोलता बोलता त्यांचा धोटा माग सोडत नसे. त्यांनी सांगितलं, डोंगरापलीकडच्या खोतनहून रेशीमवाले आले, इथं माग मांडले, चहात साखरेऐवजी दूध-मीठ घालून प्यायचे. आजूबाजूचे म्हणायला लागले, खोतनी राहतात ती आळी. मग एका शरदात मागं राहिलेल्यांना आणायला ते परत गेले. जाताना रीतीप्रमाणं प्रत्येकानं नानचा एक घास घेतला आणि उरलेली खुंटीला टांगली, परत येऊन खायची म्हणून. कुणीच आलं नाही.

"मग नाव कशाला ठेवलंय अजून?"

"आपण कोण ठेवणार, पोरी? आपलं नाव बाहेरचे ठेवतात," खोला म्हणाल्या आणि गुणगुणू लागल्या,

*अर्धी नान खुंटीवर, अर्धी गेली डोंगरात,*
*दार उघडं ठेव बाई, भूक येईल घरात.*

शिशिरात एल्योर बांधकामाच्या कामावर रशियाला निघाला. सनोबरनं नान भाजली. त्यानं हसत लचका तोडला. "आई गं, मीठ विसरलीस की."

"मग लवकर ये. खारट करून घालते."

तिनं ती जुन्या नानच्या शेजारी टांगली.

पहिले फोन नेहमीसारखे. थंडी, मुकादम, दात दुखतोय. मग एकदा त्यानं विचारलं, "ती जुनी आहे ना गं खुंटीवर?"

"आहे. का?"

"तिचीच चव आठवते सारखी."

"तू कुठं खाल्लीस ती?"

मुकादम हाक मारतोय म्हणत त्यानं फोन ठेवला. पुढच्या खेपेला तो म्हणाला, चहात दूध आणि मीठ घालून पितो हल्ली. चहात चार चमचे साखर ढवळणारा माणूस! सनोबरनं स्वतःला समजावलं, परमुलखात माणूस काहीही प्यायला लागतो. पण त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर ती आधी त्याच्या नानकडं बघे. माझा माणूस जसा गेला तसा परत येऊ दे, एवढंच मागणं.

नंतर फोन थांबले.

तुतीला पुन्हा पालवी आली तेव्हा, भर दुपारी, गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. चालकानं हाळी दिली, "ओ खोतनी वहिनी, तुमचे आले बघा."

एल्योरच होता. तेच खांदे, भुवईवरचा तोच व्रण. त्यानं उंबऱ्याला हात लावून तो कपाळी टेकवला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

तो थेट खुंटीपाशी गेला.



त्यानं जुनी नान उतरवली. दगडासारखी ती नान त्याच्या हातात मऊ मोडली. चाव्याच्या जागी त्याचे दात आपसूक बसले, सुरी म्यानात बसावी तसे. तो सावकाश खात राहिला. डोळे मिटून, शेवटच्या कणापर्यंत. ओंजळीत पडलेला चुराही त्यानं चाटून घेतला.

मग त्यानं दुसऱ्या नानकडं बोट केलं.

"ही कुणाची?"

सनोबर दाराकडं सरकली. "माझ्या नवऱ्याची."

त्यानं मान हलवली. दुसऱ्याच्या दुःखापुढं हलवावी तशी, हळुवार.

"येईल," तो म्हणाला. "आम्हीपण आलोच ना."

ती धावत समोर गेली. अंगणात खोलांचे म्हातारे यजमान वाटीतून दुधाचा खारा चहा फुंकत बसले होते. ती आतल्या खोलीत शिरली. मागाच्या पाठच्या भिंतीवर खुंटी होती. खोला स्टुलावर उभ्या होत्या, एका काळ्याठिक्कर नानवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसत. तिच्या कडेला एक चावा होता.

"खोला, ही कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची," खोला म्हणाल्या. "तूही पुसत जा गं रोज. ओल तेवढी लागू देऊ नकोस."