हिरवे चार किलोमीटर

कोण म्हणालं ते? तो चार किलोमीटरचा तुकडा वगळला तर चालेल का म्हणून? तू होय. ये, खुर्ची ओढ इकडे. तुम्ही दोघीही बसा. तुमची सिग्नलची मोजणी उद्या रात्री आहे, आत्ता पळायची काही गरज नाही. आणि कंट्रोल रूमच्या रात्रपाळीला स्क्रीनकडे डोळे फाडून बघण्याशिवाय काम तरी काय असतं.

वगळता येतो तो तुकडा. फॉर्ममध्ये 'रस्ता बंद' असा पर्याय आहे. अडथळ्याचा एक फोटो जोडायचा, झालं. तुमच्या आधी एकाने तेच केलं. ऐकीव सांगत नाही मी. माझ्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं बसला तो माणूस.

त्याला आम्ही हिरवा म्हणायचो. कारण त्याचे नकाशे कायम हिरवेगार. आमच्या वेळेला मोजणी तुमच्यासारखीच व्हायची, फक्त यंत्रं अवजड होती. गाडीत फळीवर चार फोन बांधलेले, मांडीवर लॅपटॉप, टपावर जीपीएसची डबी. फोन आपले आपण एक ठरलेला नंबर लावणार, पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज एका सुरात आकडे वाचणार, दीड मिनिटाने कॉल बंद, की पुन्हा पहिल्यापासून. गाडी जाईल तसे नकाशावर ठिपके पडत जातात. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे रडतखडत, काळा म्हणजे काहीच नाही. शिकवलंय तुम्हाला, माहीत आहे. तरी ऐका.

अगदी पहिली मोजणी झाली तेव्हा टू-जी होतं. फोनला बटणं होती आणि लोक एका मिस्ड कॉलवर अख्खा निरोप द्यायचे. त्या मोजणीत हा रस्ता हिरव्याच्या वाट्याला आला. हमरस्त्यावरून फुटतो, जुन्या दगडखाणीला वळसा घालतो आणि पुढच्या वस्तीला जातो. खाणीच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. संध्याकाळ झाली होती, घरी सासरेबुवा येऊन बसले होते, बायकोचा फोनवर फोन. हिरव्याने काय करावं? हमरस्त्यावर पडलेले ठिपके उचलले आणि या चार किलोमीटरवर चिकटवून दिले. गाडी वळवली आणि घरी गेला. सासऱ्यांबरोबर जेवला.

एवढंच. तेवढ्याने कुणाचं काय बिघडतं, असं तुम्हालाही वाटतंय. दिसतंय मला.

बिघडतं असं, की नव्या नेटवर्कचा आराखडा जुन्या नकाशावर बेततात. थ्री-जी आलं. टॉवर कुठे उभारायचे? जिथे लाल आणि काळं आहे तिथे. इथे तर हिरवं, मग इथे कशाला? फोर-जी आलं. पुन्हा तेच. प्रत्येक पिढीबरोबर फोन बदलले, टॉवर बदलले, आमचे साहेब बदलले, आणि हिरव्याची थापही दरवेळी अपग्रेड होत गेली. प्रत्येक बैठकीला तो हजर असायचा. दरवेळी त्या रस्त्यावरून बोट पुढे सरकायचं आणि तो मूग गिळून बसायचा.

मग एका वर्षी एक सिस्टर तिथे जिवानिशी गेली. वस्तीच्या दवाखान्यात होती. ड्यूटी संपवून घरी निघाली, वळणावर गाडी घसरली आणि खाणीच्या पाण्यात कलंडली. पाय अडकला. पाणी छातीपर्यंत, फोन हातात. रात्री पावणेदहापासून पहाटे साडेतीनपर्यंत ती भावाला फोन लावत होती. एकही लागला नाही. हमरस्ता तिथून हाकेच्या अंतरावर नाही, नाहीतर हाक तरी पोचली असती.

भावाने कंपनीला पत्र लिहिलं. साधं होतं. तुमच्या नकाशावर हा रस्ता हिरवा आहे, मग माझ्या बहिणीचा फोन का लागला नाही? उत्तराचा मसुदा करायचं काम आलं हिरव्याकडे. मी ते पत्र वाचलंय. 'आमच्या मोजणीनुसार सदर ठिकाणी सिग्नल उत्तम आहे. कृपया हँडसेट तपासून घ्यावा.' खाली त्याची सही. मला त्या माणसाचा तेव्हाही राग आला होता आणि अजून येतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. तेवीस नोव्हेंबर, गुरुवार. त्या रात्री बरोबर बारा वाजता आपल्या भागातलं जुनं टू-जी कायमचं बंद व्हायचं होतं. बंद झाल्यावर प्रत्येक रस्ता नव्याने मोजायचा, आणि ठिपके थेट इथे, या स्क्रीनवर पडायचे. चिकटवाचिकटवीची सोय राहिली नव्हती. यादी लागली तेव्हा हिरवा पुढे झाला आणि म्हणाला, तो खाणीचा रस्ता मी घेतो. साहेबांना कौतुक वाटलं. एवढा वरिष्ठ माणूस, दोन महिन्यांत विभागप्रमुख व्हायचा, आणि रात्री गाडीत बसायला तयार. कौतुक कसलं. दुसरं कोणी गेलं तर चार किलोमीटर काळे निघणार आणि सगळं त्याच्या अंगाशी येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ड्रायव्हरला त्याने हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर उतरवलं.

"साहेब, एकटे नका जाऊ," ड्रायव्हर म्हणाला. "दोघांनी जायचा नियम आहे."

"नियम मीच लिहिलाय. तू चहा पी."

बाराला दहा कमी असताना तो फाट्यावर पोचला. खाण कधीच बंद पडली होती. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पिंपं आणि मधली साखळी खाली लोळत पडलेली. त्याने उतरून साखळी उचलली, पिंपांना नीट अडकवली आणि फोटो काढला. 'रस्ता बंद.' हात झटकले, गाडीत बसला. फॉर्म पाठवायला गेला तर जाईना. नेटवर्क नव्हतं. त्याला हसू आलं म्हणे. हसू येण्याइतका तो निर्ढावला होता.

बारा वाजले. हमरस्त्याला लागून फॉर्म पाठवू, असं म्हणून त्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. फळीवरचे फोन चालूच राहिले होते, आपले आपण नंबर लावत होते आणि टूं टूं करत गप्प होत होते. तीन फोन नवे. चौथा जुना, फक्त टू-जीचा. टू-जी आता कुठेच नव्हतं.

बारा वाजून चार मिनिटांनी चौथा फोन लागला.

त्याने आरशात पाहिलं. फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या. आता आकडे वाचणारा आवाज येईल म्हणून तो थांबला. आवाज आला नाही. नुसता श्वास होता. ओला, तुटका. मग एक बाई बोलली. रागाने नाही. दमलेल्या माणसासारखी.

"लागला... लागला एकदाचा."

त्याने मागे हात घालून कॉल तोडला. क्रॉस कनेक्शन असेल. पण टू-जी बंद असताना कसलं आलंय क्रॉस कनेक्शन? फोनने स्वतःहून पुन्हा नंबर लावला.

"कोणी मोजला हा रस्ता?"

त्याने बॅटरीच काढली. जुना फोन, पाठ उघडून बॅटरी निघते. बॅटरी त्याच्या मुठीत. फोन तसाच पेटलेला.

"कोणी मोजला?"

आता आवाज चारही फोनमधून येत होता.

तो मागे वळून भराभर गाडी मागे घेऊ लागला. सत्तर-ऐंशी पावलांवर हमरस्ता होता. लॅपटॉप शेजारच्या सीटवर उघडा. त्याची नजर गेली. ठिपके पडत होते. गाडी मागे जात होती आणि ठिपके पुढे. साखळी ओलांडून. वळणावर. एकामागून एक. हिरवे. सगळे हिरवे.

"आमच्या मोजणीनुसार..." ती म्हणाली. मग खोकली. पाणी बाहेर टाकल्यासारखी. "सदर ठिकाणी... सिग्नल उत्तम आहे."

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. हमरस्ता येईना. चाकाखाली डांबर नाही. खडी... मग मऊ माती...

"कृपया हँडसेट..."

त्याने ब्रेक मारला. दार उघडलं. पाय खाली टाकला.

खाली काही नव्हतं.

दाराला लोंबकळून तो कसाबसा आत आला. चपळ होता म्हणून वाचला असं म्हणणार होतो, पण तो कधीच चपळ नव्हता. त्याला आत येऊ दिलं. गाडी खाणीच्या काठावर तिरकी होती, मागची चाकं अगदी कडेला आणि त्याचं दार पोकळीवर. खाली पाणी होतं. पाण्यात काहीतरी मंद उजळलं होतं. फोनच्या पडद्याएवढं. ते विझायचं... पुन्हा उजळायचं... दीड-दीड मिनिटाने.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. कॉल लागायचा. तोच प्रश्न. कॉल तुटायचा. पुन्हा लागायचा. आणि दर कॉलला गाडी जराशी... अगदी जराशी... मागे सरकत होती.

"सिग्नल आहे ना आता?" ती म्हणाली.

"आ... आहे."

"मग बोला."

"मी... मी मोजलाच नाही. इथे आलोच नव्हतो. लिहून देतो. उद्या. सगळं लिहून देतो."

चारही फोनमधून आवाज येत राहिला. नुसतं पाणी.

"लिहा," ती म्हणाली.

चारही फोन विझले.

पहाटे पाच वाजता तो या खोलीत आला. मी होतो पाळीला. घोट्यापर्यंत चिखल, बूट ओले. आत्ता तुम्हाला सांगितलं ते त्याने मला सांगितलं, एकदाही न थांबता. मग आम्ही नोंद उघडली. नोंदीप्रमाणे गाडी बाराला दहा कमीपासून तीन चाळीसपर्यंत फाट्यावर उभी होती. जागची हललेली नाही. कॉल एकही नाही, ठिपका एकही नाही. फक्त साखळीचा फोटो.

तो दोन ग्लास पाणी प्यायला. हळूहळू त्याच्या तोंडावर रंग आला. ते बघायला वाईट होतं.

"बघ, काहीच नाही," तो म्हणाला. "डुलकी लागली असणार."

"आणि बूट?"

"साखळी अडकवायला उतरलो होतो ना."

"लिहून देतोस म्हणाला होतास."

"कुणाला? स्वप्नाला?" त्याने फॉर्म पुढे केला. "'रस्ता बंद'ला कंट्रोल रूमची मंजुरी लागते. दाब."

मी दाबलं. हो, मी. अठरा वर्षांची ओळख, पहाटेची वेळ, आणि मलाही कटकट नको होती. असं बघू नका माझ्याकडे, तुम्हीही दाबलं असतं.

सोमवारपासून सुरू झालं. तो बैठकीत आला की सगळ्यांचे कॉल तुटायचे. लिफ्टमध्ये, जेवणाच्या खोलीत, पार्किंगमध्ये. त्याने तीन फोन बदलले. घरी त्याची बायको बोलण्यासाठी जिन्यात जाऊन उभी राहू लागली. एका रविवारी मी मोजणीचं यंत्र घेऊन त्याच्या घरी गेलो. दिवाणखाना हिरवा, झोपायची खोली हिरवी. तो स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. स्क्रीन काळी. तो उठून खिडकीशी गेला. माझ्याभोवती हिरवं झालं, खिडकी काळी.

"लिही आता तरी," मी म्हणालो.

"मंजुरी तुझी आहे," तो म्हणाला. "मी लिहिलं तर तूही जाशील घरी."

मी चहा संपवला आणि निघालो. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

फेब्रुवारीत तो गेला. बायको मुलीकडे गेली होती, संध्याकाळपासून त्याला फोन करत होती आणि दरवेळी तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सकाळी शेजाऱ्यांना तो जिन्यात सापडला, पायरीवर बसलेला, फोन कानाशी. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आल्यावर तासभर तरी जिवंत होता. त्या इमारतीच्या गच्चीवर आपलाच टॉवर आहे.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंना सांगितलं, कंपनीचं काम आहे. सगळ्या खोल्या फिरलो. त्याची खुर्ची, खिडकी, जिना. मी आत शिरायच्या आधी, दारातून पाहिलं तेव्हा, सगळं हिरवं होतं.

तर उद्या तो रस्ता पूर्ण मोजा. साखळी खाली असेल तर ओलांडा, वर असेल तर सोडवून ओलांडा. काळे ठिपके पडतील ते पडू द्या आणि खाली तुमचं नाव घाला. 'रस्ता बंद' म्हटलं की जुनीच नोंद राहते, म्हणून नकाशावर तो अजून हिरवाच आहे. लोक अजून त्या वळणावरून जातात.

काय म्हणालीस? मी का नाही लिहिलं अजून?

निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या.

आणि आता तुम्ही तिघं एकमेकांच्या फोनकडे काय बघताय? बंद करून चालू केलात तरी काही होणार नाही, मी सगळे उपाय करून बसलोय. टॉवरच्या बरोबर खाली बसलोय आपण, माहीत आहे मला. घरी कळवायचं असेल ना, उशीर होतोय म्हणून?

थांबा. मी जिन्यात जाऊन बसतो. मग लागेल तुमचा.