उजव्या डोळ्यावरची पट्टी

“बोक्याचा डोळा कधी बरा झाला हो?”

टी-शर्टांच्या गठ्ठ्यामागून धाकटीनं मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. केसांना कंगव्याचा स्पर्श झाल्याची काही खूण नव्हती. बोक्याच्या व्हिडिओ गेमच्या मेळाव्याचे दरवाजे उघडून दहाच मिनिटं झाली होती आणि तिच्या स्टॉलवरचं हे पहिलं गिऱ्हाईक.

“कुठला डोळा?”

“डावा. तिसऱ्या लेव्हलला घुबडाशी लढताना आपल्या सरदार बोक्याचा डावा डोळा जातो. तुमच्या टी-शर्टवर मात्र पट्टी उजव्या डोळ्यावर...”

धाकटीनं टी-शर्ट उलगडला. दुसरा उलगडला... तिसरा... सगळे बोके उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून ऐटीत बघत होते.

कापडावर चित्र उमटवायचं तर ते आधी आरशातल्यासारखं उलटं छापावं लागतं. मग गरम दाबलं की सुलटं येतं. जुना छापणारा म्हणायचा, उलटं करूनच पाठवा. या वेळचा नवा ते स्वतःच करणारा निघाला. धाकटीनं सवयीनं उलटवलं, त्यानं नेमानं उलटवलं आणि दोघांच्या शहाणपणात बोक्याचा डोळा बदलला.

“तरी मी म्हणत होते, खोकी काल उघड,” खास रजा काढून मदतीला आलेली ताई म्हणाली. “आता सांगू लोकांना, बोक्यानं ऑपरेशन करून घेतलं.”

धाकटीला हसू येईना. चार वाजता गेम बनवणारी मंडळी स्टॉल बघायला येणार होती. ज्याचं काम पसंत पडेल, त्याला गेमचे वर्षभराचे टी-शर्ट, बिल्ले, स्टिकर सगळं काढायला मिळणार होतं. त्या आशेवरच तिनं औषधांच्या खोक्यांवर पानंफुलं काढायची नोकरी सोडली होती. हे हुकलं की पुन्हा खोकल्याच्या आणि आम्लपित्ताच्या औषधांची खोकी.

“विकून टाका,” तो तरुण हळूच म्हणाला. “शंभरात एखाद्याला कळेल.”

“तो एखादा पहिलाच आला ना पण.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“पण चूक मला माहीत आहे ना,” ती म्हणाली, आणि तिनं पुठ्ठा घेऊन ठळक अक्षरांत लिहिलं: ‘पट्टी चुकून उजव्या डोळ्यावर आली आहे. चूक माझी. चालत असेल तरच घ्या.’

तो पुठ्ठ्याकडे बघतच राहिला. मग पुठ्ठ्यावरून त्याची नजर तिच्याकडे गेली आणि तिथंच अडकली. ताईनं मुद्दाम खोकून घेतलं.

“तुम्हाला दुसरे स्टॉल बघायचे नाहीत?” धाकटीनं विचारलं.

“बघायचे आहेत... पण इथली गर्दी सांभाळायला कुणीतरी हवं.”

“गर्दी कुठे आहे?”

“होईल. तोवर थांबतो.”

आणि खरंच झाली. काही जण पुठ्ठा वाचून तोंड वाकडं करून गेले, काहींनी चुकलेला बोका म्हणूनच हौसेनं घेतला. तो पिशव्या भरत होता, सुट्टे पैसे आणून देत होता, मधूनच चहा आणत होता. ताईनं त्याचं नाव झिपऱ्या ठेवलं, तर तो त्यालाही ओ देऊ लागला. धाकटीला वाटलं, चार वाजूच नयेत.

पण वाजले. चौघाजणांना घेऊन गेमच्या प्रमुख बाई आल्या. पुठ्ठा त्यांनी दोनदा वाचला.

“छापणाऱ्यानं घोळ घातला?”

“नाही. त्यानं त्याचं काम नीट केलं. मी न विचारता गृहीत धरलं,” धाकटी म्हणाली.

“आणि तू इथे काय करतोयस?” बाई झिपऱ्याकडे वळल्या. “सकाळपासून फोन करतेय मी.”

धाकटीनं चमकून पाहिलं. त्यानं खिशातलं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. गेममधला बोका पडद्यावर पळवणारा चित्रकार तोच होता.

“बाई, एक कबूल करायचंय. बोका उजवीकडे पळतो तेव्हा पट्टी डाव्या डोळ्यावर असते. डावीकडे वळला की उजव्या डोळ्यावर जाते. दुसरी बाजू काढायचा कंटाळा केला आणि तेच चित्र उलटवलं. पाच वर्षं गप्प बसलोय. यांनी तासाभरात पुठ्ठा लावला. आणि... आजच्या निवडीत माझं मत धरू नका.”

“का?”

“मला या आवडल्यात.”

“या म्हणजे टी-शर्ट?”

“टी-शर्टात चूक आहे, बाई.”

ताईच्या हातून बिल्ल्यांचा डबा निसटला. धाकटीचे कान तापले. बाईंनी चेहरा गंभीर ठेवून स्टिकर पाहिले, बिल्ले पाहिले, चौघांशी कुजबुजल्या. झिपऱ्या लांब, खांबापाशी जाऊन उभा राहिला.

“काम तुमचं,” बाई शेवटी म्हणाल्या. “छापायला देण्याआधी एक नमुना मागवत जा. आणि याला बोक्याची दुसरी बाजू काढायला लावा.”

मंडळी पुढे गेली. झिपऱ्या खांबापासून हलेना, तेव्हा धाकटीच गेली.

“तुमचं मत कळलं. माझं नाही विचारलंत?”

“धीर झाला नाही...”

“मलाही तुम्ही आवडलात. अकरा वाजल्यापासून.”

“अकराला काय झालं होतं?”

“एकजण पुठ्ठा वाचून मला हसला. मला राग आला नाही. तुम्हाला आला.”