दोन कॅमेरे, एक झाड

तुम्ही हे खोटं आहे म्हणालात तरी चालेल. पण कुशल माझा सख्खा भाऊ आहे, आणि शेवटचा प्रसंग तर माझ्याच दारात घडलाय.

गेला नोव्हेंबर. नेदरलँड्समधल्या लायडन शहराबाहेरची शेतं.

कुशलचा डच मॅनेजर, बास नावाचा, शिकारी होता. ससे, रानबदकं मारायचा. जनावर कुठून जातं ते कळावं म्हणून त्याने तिथल्या एका झाडाला ट्रेल कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं, की आपोआप फोटो.

"दुकानातला कशाला? याहून भारी मी घरी बनवतो," कुशल म्हणाला.

पैज लागली. कुशलने प्लॅस्टिकच्या डब्यात सर्किट बोर्ड आणि सेन्सर बसवला. दोन्ही कॅमेरे एकाच झाडावर.

आठवड्याने दोघांनी फोटो पाहिले.

दुकानातल्या कॅमेऱ्यात ससे.

घरच्यात... एक म्हातारा.

रोज दुपारी. तीच जागा. छातीवर हात. हाताखालचा कोट ओला... काळा.

बास पांढराफटक पडला. "योस्ट..."

योस्ट त्याचा शिकारीतला जोडीदार. दोन वर्षांपूर्वी तिथेच बासची गोळी लागून गेला. सगळे अपघातच समजत होते.

"मला तो दिसत होता," बास पुटपुटला. "तरी मी गोळी झाडली..."

मग एकदम भानावर आला. "डिलीट कर. तुझं इथे राहायचं परमिट या नोकरीवर आहे."

कुशलने सगळे फोटो पुसले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बास कॅमेरे काढायला एकटाच गेला.

परतला नाही.

शेताच्या कडेच्या चरात सापडला. गुडघाभर पाण्यात... उपडा.

पोलिसांनी दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो कुशलला दाखवले. वेळ एकच.

घरच्यात फक्त बास... मागे मागे सरकणारा.

दुकानातल्यात फक्त योस्ट... पुढे पुढे येणारा.

कुशल त्याच संध्याकाळी माझ्याकडे राहायला आला. "ताई, मी फोटो पुसले हे कुणालाही सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. शपथेवर सांगते.

रविवारी सकाळी बेल वाजली. लख्ख ऊन. दारात एक वयस्क डच बाई.

"मी योस्टची बायको," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या नवऱ्याला पुसून टाकणारा कुठे आहे?"

मी दार अर्धवट लोटून धरलं. "इथे... इथे कुणी नाही."

ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. कुशलच्या बंद खोलीकडे. मग कुणाचं तरी ऐकल्यासारखी तिने मान हलवली.

"तो म्हणतोय... सापडला."

आणि शांतपणे सायकलवर बसून निघून गेली.

आज बारा दिवस झाले. कुशल खोलीबाहेर येत नाही. दाराला कान लावला की ऐकू येतं... तो कुणाची तरी माफी मागतोय.

मिळत नसावी.

कारण तो थांबतच नाही.