जागा सोडून वाजव

"चष्मा नकोय. स्क्रू हवाय."

दुपारची वेळ, दुकानात मी एकटी. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात लोक नंबर काढायला येतात, तुटलेली काडी बसवायला येतात, काहीजण तर नुसते एसीची हवा खायला येतात. पण पाठीवर माणसाएवढी काळी पिशवी लावून, घाम पुसत, फक्त एक स्क्रू मागणारा हा पहिलाच.

"कोणत्या फ्रेमचा?"

"फ्रेमचा नाही... याचा." त्याने पिशवीची चेन उघडून गिटार बाहेर काढली. लांबच लांब मान, जाडजूड तारा... आणि त्याही चारच.

"दोन तारा कुठे पाडल्या?" मी विचारलं.

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे मी तेव्हाच बघून घेतलं. खोटं कशाला बोलू?

"बेस गिटार आहे ही. चारच असतात. आवाजाच्या बटणाचा स्क्रू पडलाय, एवढुसा. चष्म्याचा बसेल असं वाटलं."

मी स्क्रूंची डबी उघडली आणि चिमट्याने एकेक लावून बघू लागले. तो वाकून बघत होता, मीही वाकले होते, आणि त्याच्या शर्टाला ऑइलचा वास येत होता. शेवटी एक बसला.

"वाजवून दाखवा. बसलाय की नाही, कसं कळणार?"

त्याने तार छेडली. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"एवढंच?"

"हिला वीज लागते. नाहीतर..." तो जरा घुटमळला. मग त्याने गिटारचं लाकूड काउंटरच्या काचेला टेकवलं. "हात ठेवा इथे."

ठेवला. त्याने पुन्हा तार छेडली आणि काचेतून काहीतरी माझ्या तळहातात शिरलं, मनगटातून कोपरापर्यंत चढत गेलं. काचेखालच्या फ्रेमा किणकिणायला लागल्या. मी हात उचलला नाही... आणि त्यानेही वाजवणं थांबवलं नाही.

"अरे जयाबेन, काच फुटेल ने!" चहा पिऊन परतलेले आमचे शेठ, हसमुखभाई, दारातूनच ओरडले.

तो घाईघाईने गिटार पिशवीत भरू लागला. मी विचारलं, "नाव तरी सांगून जा."

"चिमण."

"चिमण? आणि आवाज एवढा जाड!"

"नाव आजीने ठेवलं," तो म्हणाला, "आवाज माझा आहे."

पुढच्याच आठवड्यात तो डोळे तपासायला आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, एक भिंग काढलं, दुसरं घातलं.

"खालची ओळ वाचा."

तो माझ्याकडेच बघत होता.

"समोरच्या बोर्डावर बघा. माझ्याकडे नाही."

"बोर्ड धूसर दिसतोय," तो म्हणाला, "बाकी सगळं स्पष्ट आहे."

त्याचे डोळे ठणठणीत होते. तरी त्यानंतर तो चष्मा पुसायचं कापड घ्यायला आला, बाबांच्या चष्म्याची दोरी घ्यायला आला, आणि एकदा तर काय घ्यायला आलोय तेच विसरला. हसमुखभाई माझ्याकडे बघून खाकरायचे.

तलासरीला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंखे, विहिरीवरचे पंप, त्यांची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. बेस हा नुसता नाद. मोबाइलवर बघून बघून शिकलेला, शेजारी ओरडतात म्हणून कानाला हेडफोन लावून वाजवणारा. एकदा बँजो पार्टीवाल्यांनी त्याला लग्नात नेलं होतं, पुढच्या लग्नाला नेलं नाही. "म्हणाले, तुझं ऐकूच येत नाही, तर गाडीत जागा कशाला अडवतो?" हे त्याने हसत सांगितलं. मला मात्र त्या बँजोवाल्यांचा राग आला.

"मला शिकवा," मी म्हटलं.

वापीला एका हॉटेलातला बँड बंद पडला होता, त्यांची जुनी बेस विकायला होती. आम्ही ती बघायला गेलो. चिमणने ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली आणि एक डोळा मिटून तिची मान बघत राहिला.

"मान वाकलीये. पण आत लोखंडी सळई असते, ती पान्याने पिळली की सरळ होते."

"तुमच्या मानेत नाही का सळई? माझ्याशी बोलताना सारखी खाली असते."

त्याने झटकन मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता. "तू... मला 'तुम्ही' नको म्हणू."

"आत्ता 'तू' म्हणालास ना मला? मग ठीक."

ती बेस मुकी होती, म्हणून स्वस्तात मिळाली. तारांच्या खाली एक चुंबकाची पट्टी असते, तिच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. तीच आत कुठेतरी तुटली होती. "ही तर लहानशी मोटारच," चिमण म्हणाला, आणि एका रविवारी त्याच्या दुकानात बसून आम्ही ती नव्याने गुंडाळली. रीळ माझ्या हातात, टोक त्याच्या. श्वास जोरात घेतला तरी तुटेल अशी तार. तो म्हणायचा, "ढील दे... जरा दे," आणि मी द्यायचे. हाताला हात लागला नाही, पण इतका वेळ एवढ्या बारीक तारेने कोणी कोणाला बांधून ठेवलं नसेल.

मी बेस रानशेतला घरी नेली तर आईने आधी तारा मोजल्या. "दोन कमी दिल्या गो तुला! परत जा नि घेऊन ये." तिला समजावेपर्यंत माझी पुरेवाट झाली. त्यात मळलेल्या तारा उकळल्या की पुन्हा खणखणीत होतात असं चिमणने सांगितलेलं, म्हणून मी त्या चुलीवर आमटीच्या टोपात टाकल्या. आईने झाकण उघडून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "किती वेळ शिजतात या?"

दर रविवारी मी तलासरीला जायचे. आमचा एक खेळ होता. तो चार सूर वाजवून थांबायचा, त्या थांबलेल्या जागेत मी चार सूर वाजवून उत्तर द्यायचं. सोपं. पण माझा स्वभाव उतावळा. त्याचं संपायच्या आधीच मी घुसायचे.

"घाई करतेस," तो म्हणायचा. "जागा सोडून वाजव. समोरच्याचं पूर्ण होऊ दे ना."

"समोरचा फार वेळ लावतो."

तो खरंच फार वेळ लावत होता. थंडी गेली, आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरल्या, तरी हा गृहस्थ पाने, स्क्रू आणि तारा यांच्यापलीकडे एक अक्षर बोलेना. आणि मग मला विक्रमगडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची भातशेती, माणसं चांगली. नाकारायला कारणच सापडेना, आणि होतं ते कारण आईला सांगायची सोय नव्हती. रविवारी तलासरीच्या स्टँडवर बसची वाट बघताना मी चिमणला सगळं सांगितलं.

"तुझ्या मनात काही असेल तर सांग. नसेल तर तेही सांग. मला घरी उत्तर द्यायचंय."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, खिशातला पाना काढून पुन्हा आत ठेवला. "मी बोलायला गेलो की सगळं चुकतं गं, जया... मी पाठवतो. संध्याकाळी पाठवतो."

संध्याकाळी त्याचा आवाजी मेसेज आला. आमच्याकडे रेंज फक्त आंगणाच्या कोपऱ्यात, जांभळाखाली. मी धावत तिथे गेले आणि फोन कानाला लावला.

पंख्याची घरघर. टक... टक... टक. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक... टक. पुन्हा शांतता.

आवाज वाढवून ऐकलं, पुन्हा ऐकलं. एक शब्द नाही. मी माझ्या आयुष्याचं विचारलं होतं, आणि याने मला पंखा पाठवला होता! मला इतकं रडू आलं, आणि रडू आल्याचा इतका राग आला, की मी फक्त एवढंच लिहिलं, "ऐकलं."

तिकडून काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आईला सांगून टाकलं, "येऊ दे विक्रमगडवाल्यांना बघायला."

ते यायच्या आदल्या दिवशी आई घर सारवत होती आणि मी बेस विकायची म्हणून पुसायला घेतली होती. विकायच्या आधी एकदा वाजवावी असं वाटलं. बेससोबत घेतलेल्या स्पीकरला फोन जोडला, कारण मोबाइलवर ठेका लावून सराव करायची सवय. ठेका लावता लावता चिमणचा मेसेज वर दिसला. म्हटलं, आधी हा पुसून टाकू. बोट चुकलं... आणि मेसेज वाजायला लागला.

फळीवरची भांडी थरथरली. दारातली कोंबडी पळाली. स्पीकरमधून जाड, गोल, सावकाश सूर यायला लागले, आणि त्या काचेतून शिरला होता तसाच तो आवाज माझ्या पायांतून वर चढला. टक टक नव्हतंच ते! फोनच्या एवढ्याशा स्पीकरमध्ये बेसचा खालचा आवाज मावलाच नव्हता. तारेला लागणाऱ्या नखाचा आवाज तेवढा ऐकू आला होता.

आमचंच होतं ते, रविवारचं. चार सूर... आणि थांबणं. पुन्हा चार सूर... आणि थांबणं.

आई शेणाचा हात तसाच धरून उभी राहिली. "कोण वाजवतो गो?"

"आहे एक."

"चांगला वाजवतो. पण मधेच गप का होतो?" तिने कान दिला. "कोणाची तरी वाट बघतो वाटतं."

मी बेस मांडीवर घेतली, मेसेज पहिल्यापासून लावला, आणि तो थांबला तिथे मी वाजवलं. पुन्हा थांबला, पुन्हा वाजवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि एकदाही मी घाई केली नाही. प्रत्येक जागा माझ्याच मापाची होती.

संपलं तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "विक्रमगडला निरोप देते मी, येऊ नका म्हणून. वेळेवर कळलेलं बरं, त्यांचीही पायपीट वाचेल." मग हात धुवायला जाता जाता, "त्याला दोन तारा कमी असल्या तरी चालतील."

चारोटीपर्यंत शेअर जीप, पुढे हायवेने बस. तलासरीला पोचले तेव्हा चिमण एका पंपापुढे बसून तार गुंडाळत होता. मला बघून हातातलं रीळ सुटलं आणि दुकानभर घरंगळत गेलं.

"तू 'ऐकलं' लिहिलंस," तो म्हणाला. "पुढे काहीच नाही. मला वाटलं, ऐकूनही उत्तर नाही, म्हणजे..."

"ऐकूच आलं नव्हतं! फोनवर नुसतं टक टक टक!"

त्याने कपाळावर हात मारला. "मी हेडफोनवर ऐकून पाठवलं... एवढी वर्षं वाजवतोय आणि हे डोक्यात नाही आलं!"

आम्ही दोघंही हसत सुटलो. पंखा घरघरत होता, तोच मेसेजमधला. मी फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि त्याच्यापुढे धरला.

"आता या फोनला ऐकू येईल असं सांग."

"पंखा बंद करू?"

"चिमण!"

त्याने शर्टाला हात पुसले. मान वर केली, अगदी सरळ. आणि चिमणीसारख्या बारीक आवाजात म्हणाला, "जया, मला तू आवडतेस. काचेवर हात ठेवलास ना, तेव्हापासून. माझ्याशी लग्न..."

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. त्याचं वाक्य त्यात पूर्ण ऐकू येत नाही. मधेच माझं 'हो' घुसलंय.