नाव न घेता दिलेली अक्षत

या, जरा जवळ सरका. देवापुढे दिवा लागलाय, आता घटकाभर बसा. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं एक आख्यान आज सांगतो. फरक एवढाच, की हे पोथीतलं नाही.

हे घडलेलं आहे.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते सहदेव, माझ्या आजोबांचे वडील. त्यांनी आजोबांना हे एकदाच सांगितलं. तेही भर दुपारी, अंगणात उन्हात बसून.

शके अठराशे नऊ. मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंतीची संध्याकाळ. गाव कल्याण, शेणाळे तलावामागची आळी.

पण आधी पंधरा दिवस मागे जायला हवं.

सहदेव तेव्हा सतरा वर्षांचा, इंग्रजी शाळेत शिकणारा. उत्तम आणि गुणाजी हे त्याचे दोस्त. तिघांनी मिळून एक कादंबरी वाचली होती, शाळेच्या पुस्तकात लपवून. कादंबऱ्यांनी पोरं बिघडतात असं तेव्हा घरोघरी मत होतं. त्या कादंबरीत एक सून होती. तिला वाचायला शिकायची हौस, आणि घरचे शिकू देत नाहीत. शेवटच्या प्रकरणात ती कळशी घेऊन पाण्यावर जाते...

आणि पुस्तक संपतं.

पुढे काय झालं, लेखकाने सांगितलं नाही. तिचं नावसुद्धा दिलं नाही. पुस्तकभर नुसती 'ती'.

पोरांच्या डोक्यातून ती जाईना. मग ठरलं, आपण विद्यार्थ्यांचं एक हस्तलिखित मासिक काढायचं आणि तिची गोष्ट त्यात पुढे न्यायची. प्रत एकच, ती घरोघर फिरवायची. शेवटच्या पानावर रेघा आखायच्या, आणि ज्याने वाचलं त्याने तिथे सही करायची.

गुणाजीच्या ओटीवर काम सुरू झालं. उत्तमने बदामी कागद आणले. सहदेवचं अक्षर सुंदर, म्हणून बोरू त्याच्या हाती. पानाला दोन रकाने, कडेने वेलबुट्टी, मथळ्याला तांबडी शाई. मुखपृष्ठावर तळ्याच्या पायऱ्या आणि पायरीवर उभी असलेली 'ती', पाठमोरी.

"तोंड का नाही काढलंस?" उत्तमने विचारलं.

"पुस्तकात तिच्या तोंडाचं वर्णनच नाहीये."

"सरळ सांग ना, काढता येत नाही," गुणाजी म्हणाला. "शाळेत हत्ती काढलेलास, तर मास्तर म्हणाले म्हैस बरी जमलीय."

हसण्यावारी चाललेलं सगळं. त्यातच गुणाजीला एक कल्पना सुचली. घरात लग्न असलं की पहिली अक्षत देवाला देतात, मग गावाला बोलावणं जातं. तसं आपल्या अंकाचं पहिलं बोलावणं 'ती'ला द्यायचं. सह्यांच्या पानावरची पहिली रेघ तिच्यासाठी रिकामी ठेवायची.

दिवेलागणीला तिघे तळ्यावर गेले. सहदेवने पायरीवर अक्षता ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाला, "ज्या बाई इथे पाण्यावर आल्या आणि ज्यांचं वाचायचं राहून गेलं, त्यांनी आमचा अंक वाचायला यावं."

अहो, बोलावणं करताना नाव घ्यायचं असतं. कुणाच्या घरची, कुणाची कोण. नाव घेतलं की त्याच माणसाने यायचं.

या पोरांकडे नावच नव्हतं.

अंक आधी उत्तमच्या घरी गेला. तीन दिवसांनी तो परत घेऊन आला आणि ओटीवर ठेवून लगेच निघाला. खोदून विचारल्यावर बोलला. संध्याकाळी त्याची आत्या मागल्या दारी तांदूळ निवडत बसली होती. पाठीमागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं...

"वाच की."

आत्याने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दाराची पायरी तेवढी ओली होती.

मग अंक गुणाजीच्या घरी गेला. तिथेही तेच. तीच वेळ, तेच दोन शब्द, तशीच ओली पायरी.

गुणाजीने शेवटचं पान उघडून दाखवलं. पहिल्या रिकाम्या रेघेवर... चिखलाचा अंगठा उमटला होता.

उत्तम त्याच्यावर चिडला, असली थट्टा बरी नव्हे म्हणाला. गुणाजीने आपला अंगठा शेजारी टेकवला. गुणाजीचा दुप्पट मोठा होता. कागदाला शेवाळ्याचा वास येत होता.

आता अंक घरात ठेवायला दोघेही तयार होईनात. शेवटी सहदेवने तो आपल्या घरी नेला.

घरात तिघंच. सहदेव, आई गोदूबाई आणि वहिनी विमला. थोरला भाऊ रेल्वेत नोकरीला, इगतपुरीला. विमला एकोणीस वर्षांची, आणि तिचं एक गुपित होतं. महिन्याचे तीन दिवस ती मागच्या पडवीत बाजूला बसायची, तेव्हा कुणी तिकडे फिरकत नसे. त्या तीन दिवसांत सहदेव लांबूनच पाटी सरकवून तिला अक्षरं शिकवायचा. महिन्यातले तीन दिवस, अशी तीन वर्षं. आता ती घडाघडा वाचायची. गोदूबाईंना कळलं असतं तर तिची कायमची माहेरी रवानगी झाली असती.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून विमला पडवीत होती. तिने अंक मागितला. सहदेव नको म्हणाला.

"भावजी, लिहिलंत माझ्यासारखीवर, आणि वाचायला मलाच नाही?"

त्याने अंक पडवीच्या पायरीवर ठेवला. या एका गोष्टीसाठी सहदेव जन्मभर स्वतःला बोल लावत राहिले.

त्या संध्याकाळी त्याला विमलाचा वाचण्याचा आवाज ऐकू आला. मग ती थांबली. जणू कुणी काही विचारत होतं. मग तिचं उत्तर आलं...

"हा काना. असा खाली ओढायचा."

सहदेवने दारातून डोकावलं. विमला एकटीच होती. पाटी मात्र तिच्यापुढे नव्हती. समोरच्या पायरीकडे तोंड करून ठेवली होती.

पायरी ओली होती.

"वहिनी, कुणाशी बोलता?"

"एक बाई येते. तिला अक्षर लागत नाही. तिला गोष्टीत पुढे काय झालं ते हवंय."

"शेवट आम्ही पुढच्या अंकासाठी ठेवलाय, लिहिलाच नाही अजून."

"सांगितलं मी तिला." विमलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ती म्हणाली, उद्या चल, मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी सहदेव शाळेत गेला नाही. शेवट लिहून काढला की या बाईचं समाधान होईल आणि वहिनी सुटेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चार वेळा खोडून त्याने लिहिलं. 'ती' पाण्यावरून घरी परत येते. नवरा स्वतः तिच्या हातात पाटी देतो.

तोवर ऊन उतरलं. गोदूबाई दत्ताच्या देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. दत्तजन्म तिन्हीसांजेचाच, त्यामुळे आळीत चिटपाखरू नव्हतं.

सहदेव कागद घेऊन पडवीत आला.

पडवी रिकामी.

अंक उघडा पडलेला. पाटी पुसून कोरी. मागच्या दारातून ओली पावलं आत आलेली होती, विमलाच्या चटईपर्यंत.

बाहेर जाणारं ओलं पाऊल... एकही नव्हतं.

सहदेव तळ्याकडे धावत सुटला. देवळातून टाळांचा गजर ऐकू येत होता. पलीकडे चंद्र वर येत होता. आणि तळ्यात, कमरेइतक्या पाण्यात, विमला उभी होती. पाठमोरी.

त्याने हाक मारली. ती वळली नाही. एक पायरी आणखी खाली उतरली.

सहदेवने कागद उघडला आणि मोठ्याने वाचू लागला. ती घरी येते. नवरा दारात उभा आहे. पाटी...

"असं नाही झालं."

आवाज विमलाच्या तोंडून आला. पण विमलाचा नव्हता.

देवळातले टाळ थांबले. रातकिडे थांबले.

सहदेवच्या हातून कागद गळून पाण्यात पडला. त्याने हात जोडले. "मला ठाऊक नाही काय झालं ते," तो म्हणाला. "आम्ही पोरं. उगाच लिहायला बसलो. माझ्या वहिनीला सोडा."



मग पाणी हललं. विमला वळली आणि एकेक पायरी चढत वर आली. लुगडं छातीपर्यंत भिजलेलं, चेहरा मात्र तिचाच.

"तिला घरी जायचं नव्हतं, भावजी," ती म्हणाली. "तिला फक्त वाचायचं होतं."

"मग?"

"दिलं मी."

सहदेवला तेव्हा काही उमगलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने पडवीत पाटी सरकवली तेव्हा उमगलं. विमलाने पाटीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, भिंतीवरून जाणाऱ्या मुंग्यांकडे पाहावं तसं. तिला एकही अक्षर ओळखता येईना. पुन्हा शिकवायचा त्याने वर्षभर प्रयत्न केला. लागलं नाही ते लागलंच नाही.

मासिकाचा दुसरा अंक निघाला नाही. पहिला अंक तिघांनी दगड बांधून तळ्यात सोडला.

विमलाबाई सत्तर वर्षं जगल्या. गावात कुठेही कीर्तन असलं की सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसायच्या. बुवांच्या तोंडून पडणारा शब्द न शब्द टिपून घ्यायच्या. कधी कुणी पोथी पुढे केली, तर हात मागे घ्यायच्या.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी शेणाळ्यावर गेलो होतो. संध्याकाळी, मुद्दामच. फिरायला येणारी माणसं परतत होती. मी खालच्या पायरीपाशी उभा राहिलो, आणि पाण्याच्या अंगाने...

बाईमाणसाचा आवाज. कुणी वाचत होतं.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी तो आवाज अडखळायचा, अक्षराला अक्षर जोडत जायचा.

आता तो अडखळत नाही.

काय वाचतेय ते ऐकायला मी थांबलो नाही. तेव्हापासून तिन्हीसांजेला पुस्तक हाती घ्यायला माझं मन धजत नाही.

पण तुम्ही घ्या. सुखाने वाचा. फक्त वाचताना आमच्या विमलाबाईंची क्षणभर आठवण ठेवा.