सुभेदारांची रिव्हॉल्व्हरची पुस्तकं

कंदील तुमच्याकडं सरकवा, मला अंधारात बोलायची सवय आहे. वीज काही इतक्यात येत नाही. तोवर सुभेदारांच्या पुस्तकांचं सांगतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. सांगलीत हळदीच्या पेठेमागं माझं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. पाटीवर 'कुतुबुद्दीन बुक डेपो' असं लिहिलेलं, पण डेपो म्हणजे एक खण आणि वर माळा. कादंबऱ्या पडून राहायच्या, कविता वाळवीच वाचायची. एक माल मात्र दुकानात टिकायचा नाही. गोऱ्या साहेबांच्या काळातली रिव्हॉल्व्हरची आणि नेमबाजीची पुस्तकं. जाड पुठ्ठा, आत मिशाळ साहेबांची चित्रं, एक हात कमरेवर, दुसरा समोर ताठ. घेणारे कोण, तर हळदीचा अडत्या, भूमितीचे मास्तर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर. बंदूक एकाकडंही नाही. पुस्तक मागताना आवाज असा खाली आणायचे, की शेजारच्या पानवाल्याला भलताच संशय यायचा.

मला पुष्कळ दिवस याचं कोडं होतं. मग एकदा मीच एक पुस्तक वाचायला घेतलं. माझं इंग्रजी बेताचं, पण ती भाषा सोपी असते. त्या पुस्तकांत गोळी सुटायला फार वेळ लागतो. आधी पाय कसे ठेवायचे, मग खांदा, मग मनगट, मग श्वास. घाई नाही, रागावणं नाही. एक जाणता माणूस शेजारी उभा राहून सांगतो आहे, असं वाटतं. आपल्याला जन्मात कुणी काही इतक्या शांतपणे सांगितलेलं नसतं.

तर श्रावणात निरोप आला. साताऱ्याजवळच्या एका वाडीत सुभेदार लालासाहेब म्हणून होते, ते वारले. त्यांची बायको रिव्हॉल्व्हरची ट्रंकभर पुस्तकं विकायला काढते आहे. मी सकाळची एस.टी. धरली.

घर साधंच, दोन खोल्या आणि पडवी. साळूबाई साठीच्या असतील. चहा दिला, आणि आढेवेढे न घेता सांगायला लागल्या. सुभेदारांची सगळी नोकरी पलटणीच्या भांडारात तांदूळ-डाळ मोजण्यात गेली. रिव्हॉल्व्हर त्यांनी लांबूनच पाहिलेलं, साहेबाच्या पट्ट्याला. पेन्शनीत आल्यावर महाबळेश्वरला एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तिथून ते ही ट्रंक घेऊन आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मधल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवायचं आणि चुलीची फुंकणी हातात धरून भिंतीवर नेम धरायचा. बाईंची चूल तोवर धुमसत राहायची.

"मेलं म्हनून फुंकनी तरी मोकळी झाली म्हनलं," साळूबाई म्हणाल्या. "तर ह्ये."

त्यांनी मधल्या खोलीचं दार लोटलं. जमीन शेणानं नुकती सारवलेली, अजून ओलसर. आणि बरोबर मध्ये दोन पावलं उमटलेली. एक पुढं, एक किंचित आडवं. भोवती कुठंही तिसरं पाऊल नव्हतं, येण्याचं नाही की जाण्याचं नाही.

"सकाळीच सारवलंय," त्या म्हणाल्या. "रोज ह्योच खेळ. आनि बूट घालून. जित्तेपनी घरात कवा बूट घालून फिरलं न्हाईत, आता मेल्यावर सुचलंय."

त्या घाबरलेल्या नव्हत्या, वैतागल्या होत्या. पुस्तकं गेली की सुभेदार आपल्या वाटेला लागतील आणि सारवण टिकेल, एवढाच त्यांचा हिशेब. मी हसलो. मग त्या गोठ्याकडं गेल्या आणि मी त्याच खोलीत, कडेच्या ट्रंकेशी एकटा बसलो.

बाहेर आभाळ उतरलं होतं. दुपार असूनही खोलीत तिन्हीसांज झाल्यासारखं वाटत होतं. ओल्या शेणाचा वास, आणि त्याखाली दुसरा एक. बंदुकीच्या तेलाचा म्हणतात तो हाच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पागोळ्या गळत होत्या. मी वरचं पुस्तक उघडलं, चित्राशी थांबलो, दोन ओळी वाचल्या.

माझा उजवा हात वर गेला.

मी नेला नाही, तो गेला. कधी उठून उभा राहिलो, तेही कळलं नाही. पुस्तक डाव्या हातात, उजवा समोर ताठ, आणि मी भिंतीवरच्या एका पोपड्याकडं एक डोळा मिटून बघतो आहे. पागोळ्यांचा आवाज बंद झाला. मग मानेच्या मागं, अगदी जवळ, कुणीतरी हलकेच म्हणालं...

"कंधा... ढीला."

माझा खांदा सैल झाला. देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा झाला.

"साँस... आधी छोड़ो..."

अर्धा सोडला. उरलेला अर्धा आत तसाच राहिला, आणि तो किती वेळ राहिला मला सांगता येणार नाही. भीती वाटत होती. पण त्याहून वाईट म्हणजे, बरं वाटत होतं. साळूबाई बादली घेऊन आत आल्या, त्या आवाजानं पुस्तक हातातून पडलं आणि मी मोकळा झालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की आता तुमचीबी पावलं उमटली, मलाच परत सारवायला लागनार.

शहाणा माणूस ट्रंक तिथंच सोडून आला असता. पण मी पडलो व्यापारी. पुस्तकं पोत्यात भरली आणि दिवस मावळायच्या आत सांगलीला आणली. घरी शकिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुस्तकं दुकानातच राहू द्या, घरात आधीच एक माणूस उगाच उभा असतो.

आता तात्याबांचं सांगायला हवं. माझ्या समोर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. माणूस लाखात एक, पण दोन वर्षांपासून हात थरथरायला लागला होता. एका वकिलाचा कान जरा कापला गेला, मग गिऱ्हाईक तुटलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या. तात्याबांना दुखवून दुसरीकडं जायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. बाहेरगावची माणसं आम्हाला मोठी धार्मिक समजायला लागली. तात्याबा रिकामे माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि हात मांडीखाली दाबून धरायचे.

सुभेदारांच्या पोत्यातलं एक पुस्तक त्यांनी असंच चाळायला घेतलं. इंग्रजीचा गंध नाही, चित्रं बघत होते. मी माळ्यावर होतो. खाली आलो तर तात्याबा दुकानाच्या दारात उभे, हात रस्त्याच्या दिशेनं ताठ. हळदीचा अडत्या बाहेर खोळंबलेला. त्याला आत यायचं होतं, पण तात्याबांच्या बोटाच्या रेषेत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

"तात्याबा," मी हळूच हाक मारली.

"थांब जरा..." ते ओठ न हलवता म्हणाले. "त्ये सांगत्यात..."

आणि मग मलाही ऐकू आलं. तोच आवाज, तितकाच शांत. "अब... रुको."

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. दोन वर्षांत प्रथमच तो थरथरत नव्हता. तात्याबा त्या हाताकडं असे बघत होते, जसा एखादा घर सोडून गेलेला मुलगा दारात दिसावा. मी पुस्तक मिटलं तेव्हा हात खाली आला.  तात्याबा डोळे पुसत समोर आपल्या दुकानात गेले, वस्तरा परजला आणि अडत्याला बळंच खुर्चीत बसवलं. अडत्याची दाढी झाली. रक्ताचा थेंब आला नाही.

त्यानंतर तात्याबा रोज यायचे. चार-पाच वाजता पुस्तक उघडायचं, दारात उभं राहायचं. हळूहळू गल्लीतल्या दाढ्या उतरल्या. पोतं विकायचा विषय मी काढला नाही. सुभेदार चांगला माणूस आहे, हे आम्ही दोघांनी मनाशी पक्कं केलं होतं. तेलाचा वास वाढत होता, दुकान बंद करताना पाठ गार पडायची, पण माणूस सवयीचा गुलाम. मी कुलूप लावताना "येतो, सुभेदार" म्हणायलाही लागलो होतो.

दिवाळी झाली आणि साळूबाई आल्या. हातात पिशवी, पायात प्रवासाची धूळ. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या. पुस्तकं हायती का गेली, असं विचारलं. आहेत म्हणालो. मग बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत बसल्या.

"घर सुनं झालंय," त्या म्हणाल्या. "सारवलं की सारवल्यालंच ऱ्हातंय, कुतुबभाई."

त्यांना सुभेदार परत हवे होते. मी तात्याबांकडं पाहिलं. पुस्तक त्यांच्या हातात होतं. त्या पुस्तकावर त्यांचा हात, त्यांचं दुकान, त्यांची पोटापाण्याची सगळी भिस्त होती, आणि हे बाईंना ठाऊक नव्हतं. मी काही बोलणार तोच त्यांनी पुस्तक मिटलं.

"न्या, वैनी," तात्याबा म्हणाले. "तुमचा मानूस हाय."

त्यांनी स्वतःच पोतं बांधलं. सुतळीची गाठ मारताना त्यांची बोटं थोडी हलली, पण गाठ बसली. पुढं त्यांचा हात अधूनमधून थरथरायचा, वस्तरा गळ्यापाशी आला की मात्र थांबायचा. तेवढं त्यांना पुरलं.

मी पोतं घेऊन बाईंबरोबर स्टँडवर गेलो. साताऱ्याची गाडी लागलेली. गर्दी एवढी की माणसं खिडकीतून टोप्या टाकून जागा धरत होती. बाईंना खिडकी मिळाली. पोतं आत सरकवून मी खाली उभा राहिलो. जाताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "मावशी, एक सांगू? सुभेदारांचा आवाज फार गोड. आम्हाला करमणार नाही आता."

साळूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"कुनाचा आवाज?"

"सुभेदारांचा. बोलतात ना ते... खांदा सैल सोड, श्वास धर..."

इंजिन सुरू झालं. त्या खिडकीच्या गजांना तोंड लावून हळू बोलल्या. मला जवळ जावं लागलं.

"आमच्या मालकांना आवाज कुठला? घशाचं आपरेशन झाल्यालं. धा वरसं एक अक्षर बोललं न्हाईत ते. खुनंवर चालायचं समदं."

 पोतं उतरवून घ्या, असं ओरडायला मी खिडकीचा गज धरला. गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालायला लागलो. साळूबाई पोत्यावर हात ठेवून विचार करत होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, लग्नघरातल्या बाईचा उजळतो तसा.

"बोलतोय म्हनता?" त्या म्हणाल्या. "मग कोन का असंना. घरात कुनी बोलल तरी."

गाडी फाटकातून वळली तेव्हा आत माणसं दांडीला लोंबकळत होती, एक म्हातारा पायरीवर बसला होता. बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं बसावं असं कुणालाही वाटत नव्हतं. आणि तिकिटं फाडत आलेला कंडक्टर त्या जागेपाशी आला तेव्हा अंग चोरून, जरासा वाकून, बाजूनं पुढं गेला.